बिनकिमतीची चोरी

१

भाववाल्यांच्या धाकट्या मुलीला जुळं झालं, आणि तिच्या मदतीला म्हणून गेलेली त्यांची बायको परतायचं नावच घेईना, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात एकटा माणूस, सकाळी पाव, रात्री पाव आणि मधल्या वेळी गुडघ्याला शेक. अशा दिवसांत कुणी कामाला बोलावलं की माणसाला आधी कंटाळा येतो आणि मग तेवढंच बरं वाटतं.

भाववाले हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जुन्या शिडाच्या बोटी तपासून त्यांची किंमत ठरवायची हा त्यांचा धंदा, म्हणून बोटींच्या यार्डात सगळे त्यांना भाववाले म्हणत. विकणाऱ्याला त्यांची किंमत कमी वाटे, घेणाऱ्याला जास्त. दोघांच्या शिव्या खाऊन जगायचं, असं ते हसत सांगायचे. आताशा हसायचेही नाहीत.

फोन दलालाचा होता.

"भाववाले, आहात तसे या. कप्तानांची बोट रात्रीतून की दिवसाढवळ्या, देव जाणे, पण कुणीतरी सोलून नेली. आणि आज ताबा द्यायचा होता!"

कप्तान म्हणजे यार्डातलं जुनं गिऱ्हाईक. पेशाने शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, आता निवृत्त. खाडीच्या तोंडाबाहेर त्यांची बोट कधी गेली नव्हती, म्हणूनच चेष्टेने लोक त्यांना कप्तान म्हणत. पंधरा वर्षं ते लांबच्या सफरीची तयारी करत होते. एकेक वस्तू आणायची, बोटीवर बसवायची आणि म्हणायचं, "एवढं बसलं की निघालोच." यंदा त्यांनी हात टेकले. नजर अधू झाली, पाय लटपटायला लागले, म्हणून बोट विकायला काढली. पंधरवड्यापूर्वी भाववाल्यांनीच तिची किंमत ठरवून दिली होती.

भाववाले पोचले तेव्हा बोट लाकडी टेकूंवर उभी होती आणि तिच्याभोवती माणसं. कप्तान उपड्या बादलीवर बसलेले. शेजारी त्यांची बायको, जिला सगळं यार्ड काकू म्हणे, त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी. एक पुतण्या, दुचाक्या दुरुस्त करणारा, खिशात हात घालून. बोट विकत घेणारी तरुण बाई, दातांची डॉक्टर. दलाल. यार्डाची मालकीणबाई. आणि सगळ्यांपासून चार पावलं दूर, गुन्हा सिद्धच झाल्यासारखा, रखवालदार.

"काय काय गेलं?" भाववाल्यांनी विचारलं.

"रडार," कप्तान म्हणाले. "खाऱ्या पाण्याचं गोडं करायचं यंत्र. तो फुगणारा तराफा, बोट बुडाली तर जीव वाचवणारा. आणि मागचं वाऱ्यावर आपोआप चालणारं जादा सुकाणू. माझं सगळं गेलं हो."

"किल्ल्या कुणाकडे असतात? याच्याकडे," मालकीणबाई रखवालदाराकडे बोट दाखवून म्हणाल्या. "फाटकावर कोण बसतं? हाच. शनिवारपर्यंत माल सापडला तर ठीक, नाहीतर याने आपली वळकटी उचलावी. खोलीही रिकामी हवी मला."

 फाटकालगतच्या त्या एका खोलीत रखवालदार आणि त्याची आंधळी आई राहत होते. म्हातारीला तिथली प्रत्येक भिंत हाताने पाठ होती. दुसरीकडे ती चाचपडत राहील, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाई जरा ओशाळून पुढे झाली. "वाईट वाटतं विचारायला. पण आता किंमत किती कमी धरायची?"

सगळ्यांनी भाववाल्यांकडे पाहिलं. ते शिडी चढले, वर जाऊन हिंडले, खाली उतरले आणि गुडघा चोळत म्हणाले, "काहीच नाही. किंमत होती तेवढीच आहे."

२

"काय?" कप्तान उठून उभे राहिले. "अहो, अर्धं आयुष्य घातलंय मी त्यात!"

"तुम्ही घातलंत, कप्तान. घेणाऱ्याने नाही." हे वाक्य भाववाल्यांनी आयुष्यात इतक्यांदा उच्चारलं होतं की त्याची चवच गेली होती. "घालणारा हौसेने घालतो, घेणारा गरजेपुरतं मोजतो. जुनी बोट घेणारा आधी काय बघतो? बूड कोरडं आहे का, इंजिन चालतं का, शिडं धड आहेत का. वरच्या सामानाचा भाव खर्चाच्या मानाने चिमूटभर, तोही ते नवं असेल आणि घेणाऱ्याला हवं असेल तर. तुमच्या तराफ्याची तपासणीची मुदत कधीच संपली. पाण्याचं यंत्र एकदाही चालवलं नाही, आतली चाळण सुकून गेली. रडारचे सुटे भाग आता मिळत नाहीत. आणि ते सुकाणू या एका बोटीच्या मापाने बनवलेलं, दुसऱ्या बोटीला लागायचं नाही. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला कोट तो."

"मग तुमच्या कागदावर जादा सामानाची रक्कम होती ती?"

"ती बाकीच्या वस्तूंची. नकाशा दाखवणारा पडदा, नवा नांगर, आणि पुढचा तो नांगर ओढायचा, हाताने फिरवायचा पितळी रहाट. वस्तूवार लिहिलं नाही मी. तुमचं मन मोडायला नको म्हणून."

कप्तानांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू चोरी भाववाल्यांनीच केली असावी. मग ते काठी टेकत फाटकाकडे चालू लागले. काकूही मागोमाग गेल्या. जाताना त्यांनी एकदा वळून रखवालदाराकडे पाहिलं.

दलाल खाकरला. "अहो, ते मला फोनवर सांगितलंत तसं गुपचूप ठेवायचं होतं ना. म्हाताऱ्याचं काळीज फाडलंत."

"माझंही आता शिवायच्या लायकीचं राहिलं नाही," भाववाले म्हणाले आणि रखवालदाराकडे गेले.

"खरं सांग बाबा. फाटकातून काय बाहेर गेलं?"

"काहीही नाही, साहेब. आईची शपथ घ्यायला सांगू नका, ती ऐकेल आणि घाबरेल. तो तराफा म्हणजे एखाद्या ट्रंकेएवढा. माझ्या नाकासमोरून जाईल आणि मला दिसणार नाही? हे मी सकाळपासून ओरडतोय. कुणी ऐकेल तर शपथ!"

"या दिवसांत बोटीवर कोण कोण चढलं?"

"कप्तान नाही आले, पाय दुखतात त्यांचे. पुतण्या एकदा येऊन इंजिन बघून गेला. काकू येतात दुपारी, झाडपूस करायला. दलाल त्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आले होते. बस."

"एवढेच?"

"एवढेच. आता मी चोर की आंधळा ते तुम्हीच ठरवा. दोन्हीत नोकरी जाते."

भाववाल्यांना घरी जाऊन पडायचं होतं. पण खोलीच्या दारात म्हातारी चौकट धरून उभी होती आणि हवेत विचारत होती, "कोण आलंय रे? शनिवारचं काय म्हणत होते?" त्यांनी पुन्हा शिडीला हात घातला. या वेळी ते किंमत बघायला चढत नव्हते.

३

वर पुतण्या आधीच येऊन बसला होता.

"मला विचारायचं असेल ना? विचारा. लहानपणापासून काका म्हणायचे, ही बोट तुझीच. आणि विकताना मला साधं विचारलं नाही. राग आहे मला, लपवत नाही."

"मग रागाच्या भरात काढून नेलंस?"

"नेलं असतं तर इंजिन नेलं असतं. नाहीतर तो पडदा. दोन स्क्रू काढले की हातात, खिशात घातला की बाजारात. ते तराफ्याचं धूड कोण उचलणार?" तो कडवट हसला. "शिवाय हे एकट्याचं काम नाही, भाववाले. इथे बघा."

जिथे रडारचा खांब होता तिथे बोटीच्या पाठीवर चार भोकं होती. त्यांत लाकडी खुंट्या ठोकून वर पांढरी लुकण भरली होती, अंगठ्याने नीट गुळगुळीत करून.

"बोल्ट वरून फिरवायचा आणि खालून, केबिनच्या आत, दुसऱ्याने नट पाना लावून धरायचा. एकटा असता तर त्याने कापून काढले असते. हे दोघांचं काम आहे. रखवालदार आणि त्याचा कुणी जोडीदार. मी आपलं मनातलं सांगितलं."

पुतण्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं, आणि तेच भाववाल्यांना टोचत होतं. हे मालकीणबाईंच्या कानावर गेलं की शनिवारची वाटसुद्धा बघितली जाणार नव्हती.

ते केबिनमध्ये उतरले. छताच्या लाकडी पट्ट्यांवर बॅटरी मारली. नटांच्या जागेजवळ एकही ओरखडा नव्हता. फक्त एका फटीत पिवळ्या कापडाचा पुंजका अडकलेला. ते बराच वेळ मान वर करून बघत राहिले, इतका की मान आखडली.

कुणीतरी घट्ट बसणारी पकड नटावर आवळली होती, तिचा दांडा लाकडी पट्टीत अडकवला होता, म्हणजे नट फिरणार नाही. आणि पट्टीवर वळ उठू नये म्हणून दांड्याखाली कापडाची घडी ठेवली होती. जोडीदार नव्हताच.

म्हणजे एकटाच माणूस. सवयीचा हात. भोकातून पाणी झिरपून बोट कुजू नये याची काळजी घेणारा, लाकडाला ओरखडा पडू न देणारा.

चोर, आणि बोटीवर एवढी माया?

४

भाववाले बाकावर बसले. विचार करायला नव्हे, गुडघ्यासाठी. पण बसल्यावर विचारही आला.

चोराने पडदा नेला नाही, जो विकायला सगळ्यात सोपा. नवा नांगर नेला नाही. आणि पितळी रहाट! तो तर कप्तानांनाही भंगार वाटायचा, पण भंगारवाल्याने आधी त्याच्यावरच झडप घातली असती. भाववाल्यांनी त्याला चांगली किंमत धरली होती आणि तो जागच्या जागी होता. नेलं ते नेमकं कुचकामी सामान. एक वस्तू चुकून जाते, दोन योगायोगाने जातात. पण ज्यांना काही किंमत नाही अशा साऱ्या वस्तू गेल्या आणि किमतीची एकही नाही, याला योगायोग म्हणणारा माणूस भाबडा म्हणायचा.

म्हणजे चोराला किमती ठाऊक होत्या. कागदावर त्या वस्तूवार नव्हत्याच. त्यांनी त्या तोंडी सांगितल्या होत्या, आणि त्याही दोघांनाच. तेव्हा पुतण्या सुटला, त्याला काही कळायचा मार्ग नव्हता. रखवालदारही सुटला. डॉक्टरीणबाईही, नाहीतर तिने सकाळी "किती कमी धरायची" असं विचारलंच नसतं.

आणि अशी चोरी कशासाठी? पैशासाठी नव्हे, मालकाचं नुकसान करायलाही नव्हे. पण ताबा देण्याच्या दिवशी ठरलेलं सामान बोटीवर नसेल, तर सौदा अडतो. कुणालातरी विक्री थांबवायची होती, आणि कप्तानांचा एक छदामही बुडू द्यायचा नव्हता.

फोनवर दलालाला सांगितलं होतं खरं. पण सौदा अडला तर दलालाच्या पोटावर पाय. तो तर सकाळपासून उपाशी मांजरासारखा फिरत होता.

मग उरलं कोण, हे भाववाल्यांना कळलं, आणि न कळतं तर बरं असं वाटलं.

ते खाली उतरले. रखवालदार म्हणत होता की फाटकातून काही गेलं नाही. सगळ्यांनी ते खोटं धरलं होतं. त्यांनी एकदा खरं धरून पाहिलं. शेजारीच एक पडकी बोट वर्षानुवर्षं उभी होती, मालक परदेशी गेलेला. तिच्यावरची ताडपत्री जमिनीपर्यंत लोंबत होती. भाववाल्यांनी कोपरा उचलला.

चारही वस्तू आत होत्या. ओल लागू नये म्हणून फळ्यांवर ठेवलेल्या आणि जुन्या पिवळ्या पडद्यांत गुंडाळलेल्या, थंडीत पोरांना गुंडाळतात तशा.

त्यांनी ताडपत्री परत खाली सोडली. कुणाला हाक मारली नाही.

५

दुपारी कप्तान झोपतात हे ठाऊक असल्याने भाववाले त्याच वेळी त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं, तोंडावर बोट ठेवलं आणि त्यांना स्वयंपाकघरात नेलं. खिडकीला नवेकोरे निळे पडदे होते.

"जुने पिवळे छान होते, वहिनी," भाववाले म्हणाले.

काकूंनी चहाचं आधण ठेवलं होतं. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी साखर घातली.

"सापडलं का?"

"सापडलं."

"कुणाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"तुम्हीच म्हणाला होता भाऊ, त्या दिवशी मी चहा घेऊन बोटीवर आले तेव्हा. 'वहिनी, या वस्तू असल्या काय, नसल्या काय, किमतीत फरक नाही.' मी म्हटलं, मग ज्याची किंमतच नाही ते नेलं तर ती चोरी कसली?"

"एकटीने उतरवलंत?"

"आडव्या काठीला कप्पी लावली, दोर ओवला. पंधरा वर्षं त्यांनी वरून बोल्ट फिरवले, खाली वाकून नट कुणी धरले? मीच ना. माझी पाठ त्या केबिनमध्येच वाकली." त्या हसल्या, पण बसताना त्यांनी टेबलाची कड धरली. भाववाल्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"वहिनी, काय झालंय?"

"डॉक्टर म्हणतात, थंडी दिसेल की नाही सांगता येत नाही. यांना माहीत नाही. आणि तुम्ही सांगायचं नाही."

चहा उकळून वर येत होता. भाववाल्यांनीच उठून गॅस बंद केला.

"मला एकदा त्या खाडीच्या बाहेर जायचंय, भाऊ. बास. लग्नात कबूल केलं होतं, असलं काही नाही. पण पंधरा वर्षं दर मोसमाला सामान भरलंय मी. रडार बसलं की जाऊ, तराफा आला की जाऊ. एकदा तर मी लोणचंसुद्धा बांधून घेतलं होतं, तेव्हा म्हणाले पाण्याचं यंत्र येऊ दे. आता तर बोटच चालली."

"मग सरळ सांगायचं त्यांना."

"आजाराचं? अहो, मग ते आधी ऑक्सिजनची नळकांडी बसवतील बोटीवर! त्यासाठी चौकट, चौकटीला भोकं, आणि मी खाली नट धरून." त्या खरंच हसत होत्या, डोळे पुसत. "मला वाटलं, सामान गेलं म्हणजे सौदा महिनाभर लांबेल. आणि सबब उरणार नाही. म्हणेन, गेलं ते गेलं, आहे तशीच नेऊ या."

"आणि रखवालदार?"

काकूंचं हसू ओसरलं.

"तेवढं नाही सुचलं मला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फाटकातून काही जाणार नाही म्हणजे त्याच्यावर काही येणार नाही, असं समजले. लोक त्याचं ऐकणारच नाहीत हे कुठे ठाऊक होतं? सकाळपासून त्याची आई दिसतेय मला डोळ्यांसमोर."

"माल सापडला एवढंच सांगतो मी. कुणी ठेवला ते नाही."

"मग म्हणतील, यानेच लपवला होता, भीतीने काढून दिला. त्याच्या कपाळावरचं जाणार नाही ते." त्यांनी कप त्यांच्यापुढे सरकवला. "चहा घ्या. शनिवारी मी येते यार्डात."

आतल्या खोलीतून कप्तानांचा खोकला ऐकू आला. "कोण आहे गं?"

"भाववाले आलेत," काकूंनी उत्तर दिलं. "तुमच्या बोटीचं विचारायला."

६

शनिवारी तीच माणसं, तीच जागा. रखवालदाराने वळकटी बांधून दाराशी ठेवली होती. म्हातारी तिच्यावर हात ठेवून बसली होती.

काकू पुढे झाल्या, ताडपत्रीचा कोपरा धरला आणि सगळ्यांदेखत वर केला.

"मी काढलं. मी ठेवलं. या मुलाचा काही संबंध नाही. मालकीणबाई, तुम्ही त्याची माफी मागा. त्याच्यानंतर मी तुम्हा सगळ्यांची मागते."

पुतण्या आ वासून बघत राहिला. दलाल मटकन बसला. मालकीणबाई रखवालदाराकडे न बघता म्हणाल्या, "ती वळकटी आत ने बाबा. आईला उन्हात कशाला बसवलंस?" त्यांच्या तोंडून एवढी माफी म्हणजे पुष्कळच होती.

कप्तान तेवढे बायकोकडे बघत होते. "एवढं धूड एकटीने उतरवलंस? का?"

काकूंनी सांगितलं. आजारपणही सांगितलं. आवाज न चढवता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. चोरी का केली हे अर्धंच सांगता येईना, म्हणून पूर्ण सांगितलं.

 कप्तानांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. भूगोलाच्या मास्तरला एकदम काही नाव आठवू नये तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग सवयीने तोंडून गेलं, "बरं, बरं. जाऊ. त्या तराफ्याची तेवढी तपासणी करून आणतो, लगेच…"

  कप्तानांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या पिवळ्या गाठोड्यांकडे.

"नको," ते म्हणाले. "राहू दे ते इथेच."

"माझी घाई नाही," डॉक्टरीणबाई चटकन म्हणाली. "पुढच्या मोसमात घेईन मी बोट. किंमत हीच. आणि ते सामान नकोच मला, खरं सांगायचं तर. भोकं नीट बुजवलीत तेवढं छान झालं."

"माझी दलाली?" दलालाने आभाळाला विचारलं.

"तीही पुढच्या मोसमात," भाववाले म्हणाले.

सोमवारी बोट पाण्यात उतरली. पुतण्या सुकाणूवर बसला, काकांचे डोळे म्हणून. रखवालदाराने दोर सोडला. सामान काढल्याने बोट पाण्याबाहेर चांगली उचलून तरंगत होती, आणि वारा जेमतेम असूनही ती सहज निघाली. भाववाले धक्क्यावर उभे राहिले ते शीड खाडीच्या तोंडापलीकडे जाईपर्यंत. मग घरी येऊन त्यांनी बायकोला फोन लावला आणि विचारलं, कधी येतेस. ती म्हणाली, काय झालं, तब्येत बरी नाही का? ते म्हणाले, बरी आहे, उगीच विचारलं.

कप्तान आणि काकू आठवडाभराने परत आले. दोघांनाही बोट लागली होती, दोघांची नाकं उन्हाने सोलवटली होती, आणि कोणत्या बेटाजवळ नांगर टाकला होता यावरून धक्क्यावरच त्यांचं भांडण चाललं होतं. त्या मोसमात ते आणखी एकदा गेले. तिसऱ्यांदा काकूंना शिडी चढवेना.

काकू त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला, एका मंगळवारी पहाटे, इस्पितळात वारल्या.